नंबर इथला, नेट तिथलं

आत्या लेकीच्या बाळंतपणासाठी बोस्टनला निघाली, त्याच्या आदल्या रात्री रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरात बॅगा केव्हाच भरून झाल्या होत्या. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशेपा, जुन्या साड्यांची दुपटी, सगळं तेवीस किलोच्या आत बसलं होतं. घोडं अडलं होतं फोनपाशी. मी म्हणत होतो, आहे त्याच कंपनीचं रोमिंग पॅक मारून घे. शेजारच्या इंजिनिअर पोरानं ई-सिम सुचवलं. जावयांनी तिकडून कळवलं, तुमच्यासाठी इथला नंबर घेऊन ठेवलाय, विमानतळावर सिम हातात देतो. खुद्द आत्याचं म्हणणं असं, की "घरात वाय-फाय आहे ना? मग मी काय रस्त्यात उभी राहून नेट बघणार आहे?"

जावयांचं ऐकायचं ठरलं. इथलं सिम टाचणीनं काढून सेलोटेपनं पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटवलं. अडीच महिन्यांनी बँकेच्या कामाला ओटीपी हवा म्हणून ते परत फोनमध्ये घातलं, तर रिचार्जची मुदत उलटून गेलेली. मी इथून रिचार्ज मारला. तरी संदेश येईना, कारण त्या नंबरावर परदेशातलं रोमिंगच सुरू केलेलं नव्हतं. ते सुरू करायला कंपनीच्या ॲपमध्ये शिरायचं, आणि ॲपमध्ये शिरायला त्याच नंबरावर येणारा ओटीपी द्यायचा!

परदेशात नेट कसं मिळवायचं, हा प्रश्न एकेकाळी फक्त पैशांचा होता. आता त्याला आणखी दोन फाटे फुटले आहेत. देशांच्या सुरक्षेचा एक, आणि माणसाची ओळख पटवण्याचा दुसरा. आजवर हे प्रकरण कुठून कुठवर आलं, कोण काय म्हणतं आणि काय लोंबकळत पडलं आहे, ते क्रमानं पाहू.

पिवळ्या पाटीपासून दीड जीबीपर्यंत

पारा म्हणजे छत्तीसगढीत वस्ती, मोहल्ला. रायपूरचा ब्राह्मणपारा कंकाली तलावाच्या बाजूचा, तात्यापाऱ्याच्या शेजारचा जुना भाग. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत. पुढे कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि भिलाईचा पोलाद कारखाना यांनी त्यांत भर घातली. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात बसलं तर आज दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी पुण्यात, आणि त्याच्या पुढच्या पिढीतलं कुणी टोरांटो किंवा दुबईत असल्याचं कळतं. परदेशी जायचं तर मानाच्या विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली गाठायची. नागपूरला नातेवाईक असलेले बरेच जण तिकडून दोहामार्गे जाणं पसंत करतात.

ज्यांचे नातेवाईक १९८०च्या दशकात गेले, त्यांनी ट्रंक कॉल बुक करून वाट पाहिली आहे. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी बूथ आले. काचेच्या खोपटातल्या लाल आकड्यांच्या मीटरकडे बघत "बाकी सगळं ठीक" एवढंच बोलून फोन ठेवायची सवय त्या पिढीला लागली. परदेशी कॉलची मक्तेदारी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडे होती. ती १ एप्रिल २००२ला संपली आणि दर झपाट्यानं उतरले.

मोबाइल त्याआधीच आला होता. ३१ जुलै १९९५ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखरामांना पहिला कॉल केला. पण आलेल्या कॉलचेही पैसे घेणाऱ्यालाच पडायचे. १ मे २००३पासून देशात इनकमिंग फुकट झालं. परदेशात मात्र ती जुनी रीत अजून चालू आहे. पॅक नसेल तर तिकडे वाजलेल्या फोनचं बिल उचलणाऱ्याच्या नावावर पडतं, आणि हे ठाऊक नसलेला मामेभाऊ वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला हमखास तेव्हाच फोन करतो.

रोमिंगची कल्पना युरोपातली. सिमकार्ड १९९१मध्ये म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरिएंट कंपनीनं फिनलंडच्या रेडिओलिन्यासाठी तयार केलं. नंबर फोनमध्ये न ठेवता सुट्या चकतीत ठेवायचा, म्हणजे माणूस फोन बदलू शकेल, अशी ती योजना. पुढच्याच वर्षी टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात परदेशी ग्राहकांना एकमेकांच्या जाळ्यावर घेण्याचा पहिला करार झाला. त्या वेळी गिऱ्हाईक होता तो कंपनीच्या खर्चानं फिरणारा अधिकारी. बिल त्याच्या खिशातून जात नव्हतं, म्हणून दर चढे ठेवले तरी कुणाची ओरड नव्हती. रोमिंगच्या किमतीला हा वारसा बराच काळ चिकटून राहिला.

आपल्याकडे गणित पालटलं ते २०१६मध्ये. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या धामधुमीत, व्हॉट्सॲपनं व्हिडिओ कॉल सुरू केला. रोज दीड-दोन जीबीची सवय घराघरांत लागली. महिन्याला पाच जीबी हा आकडा अमेरिकेतल्या माणसाला पुरेसा वाटेल. रायपूरहून गेलेल्याला तो तीन दिवसांचा शिधा वाटतो. परदेशातलं नेट फार महाग, ही आपली तक्रार खरीच आहे, पण तिच्यातला काही भाग आपल्याकडच्या स्वस्ताईनं मोठा दिसतो.

बिल कुठून येतं

बोस्टनमध्ये भारतीय सिमचा फोन सुरू केला की तिथलं जाळं आधी भारतातल्या कंपनीला विचारतं, "हा तुमचाच का?" इथून हो आलं की फोनला जागा मिळते. पण नेट सहसा तिथल्या तिथे मिळत नाही. माहिती एका बंद नळीतून भारतात येते, इथून इंटरनेटवर जाते आणि त्याच वाटेनं परत बोस्टनला पोचते. समोरच्या गल्लीतला कॉफीवाला नकाशावर शोधायचा तरी चौकशी आधी भारताची वारी करून येते. त्यामुळे नेट किंचित रेंगाळतं आणि वेबसाइटना वाटतं माणूस भारतातच बसलाय. याचा एक अनपेक्षित फायदा चीनमध्ये होतो. तिथल्या सिमवर व्हॉट्सॲप उघडत नाही. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर सहसा उघडतं, कारण नळी चिनी भिंतीच्या बाहेर येऊन उघडते.

प्रत्येक एमबीमागे तिथली कंपनी इथल्या कंपनीकडून पैसे घेते. हा घाऊक दर दोन कंपन्या आपसांत ठरवतात. आपण भरतो तो किरकोळ दर. वादाचं मूळ या दोन दरांमधल्या अंतरात आहे.

कंपन्यांची बाजू अशी: शेकडो देशांतल्या कंपन्यांशी वेगवेगळे करार करावे लागतात, हिशेब जुळवावा लागतो, फसवणुकीचा धोका असतो. शिवाय दोन्ही बाजूंची रहदारी सारखी नसते. थायलंडला जाणारे भारतीय पुष्कळ, इकडे येणारे थाई त्या मानानं थोडे. मग आपल्या कंपनीला सौदा करताना पडतं घ्यावं लागतं. टीकाकारांचं उत्तर असं, की हे सारं धरलं तरी एक जीबी वाहून नेण्याचा खरा खर्च क्षुल्लक आहे आणि बाकीची किंमत ग्राहकाच्या अडचणीची आहे. माझा कौल इथे टीकाकारांकडे झुकतो. त्याचं कारण पुढे युरोपच्या आकड्यांत येईल.

बिल फुगतं ते बहुतेक वेळा माणसाच्या नकळत. माणूस विमानातून उतरतो, फोन चालू करतो आणि खिशात टाकतो. खिशातला फोन मात्र गप्प बसत नाही. प्रवासात काढलेले फोटो वर चढवतो, ॲप अद्ययावत करतो, सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ उतरवून घेतो. क्रूझवर तर आणखी वेगळी गंमत. किनारा सुटला की फोन जहाजावरचं जाळं पकडतो. ते उपग्रहावरून चालतं आणि देशांच्या नेहमीच्या पॅकांमध्ये बहुधा धरलेलं नसतं.

दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, यानं २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंगवर सल्लामसलतीचा मसुदा काढला, तो या अवचित बिलांच्याच निमित्तानं. पॅक घेतलेल्याचा दर आणि न घेतलेल्याचा दर यांत एवढी तफावत का, डेटा संपत आल्याचा इशारा कधी द्यावा, ग्राहकानं मागितल्याशिवाय ही सेवा सुरू ठेवावी का, असे त्यात प्रश्न होते. त्यानंतर पॅक स्वस्त आणि सुटसुटीत झाले. एअरटेलनं डिसेंबर २०२२मध्ये १८४ देशांना मिळून एकच पॅक आणलं. त्याआधी दुबईत दोन दिवस थांबून लंडनला जाणाऱ्याला दोन पॅक घ्यावे लागत. पण हे झालं ते बाजाराच्या रेट्यानं. कमाल दराची मर्यादा भारतात नियमानं घातलेली नाही.

चार सल्ले, चार वाटा

सुरुवातीच्या त्या चार सल्ल्यांकडे परत येतो, कारण जगभरातली चर्चाही थोड्याफार फरकानं त्याच चार वाटांवर फिरते.

आत्याची वाट, नुसतं वाय-फाय, सर्वांत स्वस्त. मुलीच्या घरात राहायचं तर ती पुरतेही. फसते ती विमान चुकल्यावर, किंवा विमानतळाचं वाय-फाय जोडायला मोबाइलवर कोड मागतं तेव्हा.

रोमिंग पॅकची वाट बिनत्रासाची. सिम काढायचं नाही, नंबर तोच, बँकेचे संदेश येतात. येणाऱ्या एसएमएसला रोमिंगवर साधारणपणे पैसेही पडत नाहीत. केसरी किंवा वीणा वर्ल्डसारख्यांच्या सहलीतून आठ-दहा दिवस जाणाऱ्यांना हीच सोयीची पडते. सहा महिने राहणाऱ्याला ती महाग जाते, आणि अमेरिकेचा प्रवासी व्हिसा आजी-आजोबांना नेमका सहा महिन्यांपर्यंत राहू देतो.

तिथलं सिम घेण्याची वाट सर्वांत जुनी. नेट भरपूर, स्थानिक नंबर मिळतो, टॅक्सीवाला फोन करू शकतो. पासपोर्ट दाखवून घ्यावं लागतं, काही देशांत चेहऱ्याची किंवा बोटांची नोंदही करतात. अमेरिकेत आणखी एक मेख आहे. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये थ्रीजी जाळी बंद केली. आता साधा कॉलही फोरजीवरूनच जातो, आणि फोन त्या जाळ्याला मानवणारा नसेल तर नेट चालतं पण कॉल लागत नाही. इथून नेलेल्या जुन्या फोनचा दोष सिमवर ढकलून तीन-तीनदा सिम बदलणारे मी पाहिले आहेत.

चौथी वाट ई-सिमची, आणि सध्याची सगळी चर्चा तिच्याभोवती आहे. तिचं प्रमाणित रूप २०१६मध्ये ठरलं. २०१८च्या आयफोन एक्सएसनंतर ती सामान्यांच्या हातात आली. २०२२मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ला सिमचा कप्पाच ठेवला नाही. सिमची चकती फोनमध्येच रुजवलेली असते. क्यूआर कोड दाखवला की तिच्यावर नवी कंपनी उतरते. म्हणजे इथलं सिम जागेवर ठेवायचं, ते फक्त कॉल आणि संदेशांना. डेटा ई-सिमचा. नंबर इथला, नेट तिथलं. जाणकार प्रवासी आज बहुधा हाच मेळ घालतात आणि माझ्याही मते लहान प्रवासाला तो सर्वांत समंजस आहे. फक्त फोनमध्ये 'डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर न्या' अशी एक कळ असते, ती बंद केलेली बरी. नाहीतर ई-सिमची रेंज गेल्याक्षणी फोन मुकाट्यानं भारतीय सिमवर उडी मारतो.

ई-सिम विकणाऱ्यांचं स्वतःचं जाळं सहसा नसतं. ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीकडून घाऊक रोमिंग घेऊन पुढे विकतात. म्हणजे आपण पॅरिसमध्ये, सिम आपल्या लेखी फ्रान्सचं, आणि माहिती बाहेर पडते भलत्याच देशातून. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५मध्ये अशी प्रवासी ई-सिम तपासली. काहींची रहदारी चीनमधल्या कंपनीच्या जाळ्यातून जात असल्याचं त्यांना आढळलं. प्रत्यक्ष नुकसान काय, हे माणूस काय करतो यावर आहे. ट्रामचं वेळापत्रक बघणाऱ्याला फरक पडत नाही. पण माहिती कुठून जाते हे विकत घेताना कळत नाही, ही हरकत रास्तच आहे.

या वाटेचा आणखी एक अडसर घरगुती आहे. आई-वडिलांच्या हातात असतो मुलांनी वापरून दिलेला फोन. त्यात ई-सिमची सोय असेलच असं नाही.

युरोपनं काय केलं

दरांना सरकारनं हात घालावा का, या प्रश्नाचं सर्वांत मोठं प्रयोगस्थळ युरोपीय संघ. तिथे २०१०पासून रोमिंग डेटाच्या बिलाला ५० युरोंची आपोआप थांबणारी मर्यादा आली. १५ जून २०१७पासून संघातल्या देशांत फिरताना घरच्याच दरानं फोन वापरता येऊ लागला. २०२२मध्ये ही सवलत २०३२पर्यंत वाढवली. ग्राहकावरचा रोमिंगचा जादा आकार शून्यावर आणताना घाऊक दरावरही छत घातलं. ते २०१७मध्ये एका जीबीला ७.७० युरो होतं, २०२२मध्ये २ युरो आणि २०२७साठी १ युरो ठरवलेलं आहे. इतकं उतरवूनही कंपन्या बुडाल्या नाहीत, त्यावरून आधीची किंमत कशाची होती ते समजतं. १ जानेवारी २०२६पासून युक्रेन आणि मोल्दोवाही या व्यवस्थेत आले. ब्रिटन मात्र संघातून बाहेर पडल्यावर ही हमी गमावून बसलं आणि तिथल्या काही मोठ्या कंपन्यांनी युरोपसाठी पुन्हा शुल्क लावलं.

आखाती देशांनी आपसांत दर बांधून घेतले आहेत. केनिया, युगांडा, रवांडा यांनीही एक सामायिक जाळं करून पाहिलं. मग भारत-नेपाळ का नाही? पशुपतिनाथाला जाणाऱ्या यात्रेकरूला सीमा ओलांडायला व्हिसा लागत नाही. फोनला मात्र पॅक लागतं.

दरावर छत घालण्याविरुद्धचा मुद्दाही हलका नाही. युरोपची छतं चालली कारण वर एक सामायिक कायदा आणि तो राबवणारी यंत्रणा होती. भारतानं एकट्यानं इथल्या कंपन्यांवर छत घातलं, तर परदेशी कंपन्यांचा घाऊक दर खाली येत नाही. तोटा कंपनी सोसेल किंवा देशातल्या, कधीच परदेशी न जाणाऱ्या ग्राहकाच्या रिचार्जमध्ये मिसळेल. रायपुरातल्या आमानाक्याच्या रिक्षावाल्यानं बोस्टनच्या व्हिडिओ कॉलचा भार का उचलावा, असं कुणी विचारलं तर ते गैर नाही. म्हणून जाणकारांचा एक गट म्हणतो, की दरापेक्षा द्विपक्षीय करारांमागे लागा, आणि तोवर बिल थांबवण्याची सक्ती करा.

सुरक्षेचा काटा

परदेशी सिम भारतात बसून विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं तर दूरसंचार खात्याचं ना-हरकत पत्र लागतं आणि ग्राहकाची ओळखपत्रं घ्यावी लागतात. जानेवारी २०२४मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या दोन मोठ्या ई-सिम विक्रेत्यांची ॲप भारतातल्या ॲपल आणि गुगलच्या दुकानांतून काढायला लावली गेली. कारण दिलं गेलं ते परवानगी नसल्याचं आणि सायबर फसवणुकीसाठी अशा सिमांचा वापर होत असल्याचं.

ग्राहकांच्या बाजूनं बोलणारे विचारतात, की इथे बंद केलेली तीच सेवा माणूस परदेशी विमानतळावर उतरून दोन मिनिटांत घेतो, मग साधलं काय? सरकारी बाजूचं उत्तर असं, की चिंता बाहेर गेलेल्या माणसाची नाही. नावगाव न नोंदवता घेतलेलं परदेशी सिम भारतातच बसून वापरलं जातं, ही आहे. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे फोनवरच्या खोट्या अटकेच्या, नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी गेल्याच्या बातम्या रायपूरकरांनाही नव्या नाहीत.

उलट बाजूनंही तसंच. कंबोडिया, म्यानमार, लाओसमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर भारतीय सिम रोमिंगवर चालत असल्याचं तपासांत दिसलं. परदेशातून येणारा पण अंगावर +९१चा मुखवटा चढवलेला कॉल ही वेगळी डोकेदुखी होती. २२ ऑक्टोबर २०२४ला असे कॉल रोखणारी यंत्रणा सुरू झाली आणि पहिल्या चोवीस तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल अडवले गेले. यंत्रणा बघते ते हेच, की हा भारतीय नंबर खरोखर परदेशात रोमिंगवर आहे का. असेल तरच कॉल आत.

सोय आणि सुरक्षा यांची ही रस्सीखेच देशातही आहे. इथलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. अमरनाथला जाऊन आलेल्या ब्राह्मणपाऱ्यातल्या कुणालाही विचारा.

नंबर म्हणजेच माणूस

सिम काढून सुटी चकती खिशात ठेवता येणं हा १९९१चा शोध. आपण मात्र त्या चकतीला बँक, आधार, गॅस, निवृत्तिवेतन आणि व्हॉट्सॲप असं सगळं बांधून टाकलं. नेट स्वस्त मिळवायला सिम काढावं, तर माणूस स्वतःच्या खात्याबाहेर उभा. आत्याचं झालं ते हेच.

यूपीआयचं ॲप फोनमधल्या सिमवरून संदेश पाठवूनच नोंदणी करतं. जानेवारी २०२३मध्ये राष्ट्रीय भुगतान निगमानं अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिरातींसह दहा देशांतल्या नंबरांना अनिवासी भारतीयांच्या खात्यांपुरती मुभा दिली. अनिवासी मुलाची सोय झाली. त्याच्याकडे सहा महिने राहायला गेलेली आई अनिवासी नसते, ती तशीच राहिली. फेब्रुवारी २०२४मध्ये आयफेल टॉवरवर यूपीआय सुरू झाल्याचं कौतुक आपण वाचलं. ते वापरायला भारतीय नंबर जिवंत हवा, ही ओळ बातमीत खाली होती.

नंबर जिवंत ठेवण्याचे नियम असे: ट्रायच्या २०१३च्या नियमानुसार नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करता येतो, पण खात्यात वीस रुपये असतील तर नाही. डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीनं विशेष रिचार्जची मुदत नव्वदवरून ३६५ दिवसांपर्यंत नेता येऊ लागली, आणि डेटाविना नुसत्या कॉल-संदेशांचे रिचार्ज देणं कंपन्यांना बंधनकारक झालं. परदेशी जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीनं ही दुरुस्ती सगळ्या रोमिंग पॅकांपेक्षा मोलाची आहे. तिची जाहिरात मात्र कुणी करत नाही.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५मध्ये ओळख पटवण्याचे नवे निर्देश काढले. त्यांत एसएमएसच्या ओटीपीखेरीज इतर मार्गांनाही वाव आहे, लागू करण्याची तारीख १ एप्रिल २०२६. म्हणजे एक यंत्रणा नंबराची गाठ सैल करतेय. त्याच सुमारास, २८ नोव्हेंबर २०२५ला, दूरसंचार खात्यानं व्हॉट्सॲपसारख्या सेवांना निर्देश दिला, की ज्या सिमवर खातं काढलं ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू देऊ नका, आणि संगणकावरचं सत्र सहा तासांनी बंद करा. त्यासाठी मुदत दिली नव्वद दिवसांची. दुसरी यंत्रणा तीच गाठ आवळतेय.

मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं या निर्देशाचं स्वागत केलं. परदेशात बसून भारतीय नंबराच्या व्हॉट्सॲपवरून गंडा घालणाऱ्यांना त्यानं चाप बसेल, हा त्यांचा मुद्दा. ॲपवाल्यांच्या बाजूच्या संघटनांनी हरकत घेतली, की गुन्हेगार खोट्या कागदांवरचं सिम घालून बसेलच, त्रास होईल तो प्रवाशाला. सिम फोनमध्ये असलं की पुरे, रोमिंगवर असलेल्यांची अडचण होणार नाही, असं सरकारी स्पष्टीकरण आहे. दोन सिम मावणाऱ्या फोनसाठी ते ठीक. एकच कप्पा असलेल्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं, की इथलं व्हॉट्सॲप गेलं.

उलटा प्रवास

चर्चेत न येणारी एक बाजू दिवाळीत रायपूरला दिसते. अमेरिकेतला भाऊ येतो. त्याच्या कंपनीनं भारतात फुकट रोमिंग दिलेलं असतं, तरी रिक्षाच्या ॲपला आणि जेवण मागवायला बहुधा भारतीय नंबर हवा असतो. नवं सिम घ्यायचं तर परदेशी पासपोर्टवाल्याला कागदांची वेगळी रांग. मग तो आठ दिवस आमच्याच हॉटस्पॉटवर जगतो आणि संध्याकाळपर्यंत आमचा दीड जीबी फस्त करतो.

न सुटलेलं

रोमिंगच्या दराला भारतात छत हवं की नको, हे ठरलेलं नाही. परवानाधारक भारतीय ई-सिम विक्रेते परदेशी विक्रेत्यांच्या किमतीला उतरू शकतील का, तेही नाही. माहिती कुठल्या देशातून फिरून जाते हे पाकिटावर छापावं, अशी सक्ती कुठेही रुळलेली नाही. आणि सर्वांत अवघड गाठ घरातली आहे. वडीलधाऱ्यांच्या वतीनं मुलं-भाचे जे व्यवहार करतात, त्याला मान्यता असलेला सोपा मार्ग नाही. बँक म्हणते ओटीपी कुणालाही सांगू नका. ब्राह्मणपाऱ्यातलं निम्मं परदेशस्थ कुटुंबजीवन मात्र ओटीपी सांगण्यावर चाललंय.

आत्याचं सिम शेवटी बोस्टनहून परतणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर रायपूरला आलं, नव्वद दिवसांच्या आत. ते आता माझ्या टेबलाच्या खणात, तिच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये आहे. चार्जर कायम लावलेला. तिचं व्हॉट्सॲप याच नंबरावर, बोस्टनमधल्या फोनमध्ये चालू आहे, सिमशिवाय. किती दिवस चालेल, कुणास ठाऊक. रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे दुपारी एकला, तिचा कॉल येतो. मी खण उघडतो, चष्मा लावतो. "हं, लिहून घे. चार, शून्य, सात..." मागे बाळ रडत असतं. "थांब रे, पेन सापडत नाहीये," ती म्हणते, आणि तेवढ्यात मुदत संपते. मग पुन्हा नवा मागवायचा.